ताकाशी शिमुरा: नायक की चरित्र अभिनेता?

आपला प्रश्न असा आहे की, दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे 'सेव्हन सामुराई' आणि 'इकिरू' पाहिल्यानंतर जपानी नट ताकाशी शिमुरा यांना नायक म्हणावे की चरित्र अभिनेता, आणि त्यांचे बाकीचे काम पाहायचे झाल्यास सुरुवात कोठून करावी. माझ्या मते ते आरंभापासून अखेरपर्यंत चरित्र अभिनेतेच होते. ज्या दोन भूमिकांमुळे जगाने त्यांना ओळखले, त्याही त्यांनी चरित्र अभिनेत्याच्याच पद्धतीने उभ्या केल्या आहेत.

त्यांचा जन्म १२ मार्च १९०५ रोजी ह्योगो प्रांतातील इकुनो या चांदीच्या खाणीच्या गावी झाला. मूळ नाव शोजी शिमाझाकी. वडील खाणीवर नोकरीला होते, तर आजोबा तोसा संस्थानच्या पदरी असलेले सामुराई. ओसाकातील कान्साई विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा अभ्यास सुरू झाला. परंतु घरची परिस्थिती खालावल्यामुळे दिवसा महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी आणि संध्याकाळी वर्ग, अशी ओढाताण करावी लागली. तेथेच नाटकाचे वेड लागले, हौशी मंडळींची संस्था निघाली, तालमींपायी कामावर दांड्या पडू लागल्या आणि शेवटी नोकरी गेली. १९३२ मध्ये ते क्योतोच्या शिन्को किनेमा या चित्रसंस्थेत दाखल झाले. बोलपटांचे युग जपानमध्ये नुकतेच सुरू होत होते आणि रंगभूमीवर आवाज कमावलेल्या नटांना त्यात वाव होता.

कुरोसावांच्या आधीच्या या दहा-अकरा वर्षांकडे सहसा कोणी वळत नाही, आणि मला वाटते तेथेच घोटाळा होतो. दिग्दर्शक केंजी मिझोगुचींच्या १९३६ च्या 'नानिवा एरेजी' मध्ये ते पोलीस अधिकारी आहेत. पुढे निक्कात्सु कंपनीत ऐतिहासिक पटांमधून त्यांनी पडेल ती भूमिका केली. 'ओशिदोरी उतागास्सेन' हा मासाहिरो माकिनो यांचा १९३९ चा संगीतपट मात्र आवर्जून पाहावा. त्यात शिमुरा हे छत्र्या बनवून पोट भरणारे, जुन्या वस्तूंच्या नादाने कफल्लक झालेले सामुराई बाप आहेत. लेक घरखर्चाची विवंचना करते आणि हे गृहस्थ मिळतील ते पैसे घेऊन जुन्या भांड्यांच्या दुकानाची वाट धरतात. ते या चित्रपटात चक्क गातात, आणि उत्तम गातात. हे लक्षात ठेवून 'इकिरू' मधला बर्फात झोपाळ्यावर बसलेला वातानाबे, म्हणजे शिमुरांनी साकारलेला नायक, पुन्हा पाहा. गळ्यात गाणे असलेला नट तेथे १९१५ सालचे ते जुने गीत जवळजवळ आवाज न काढता म्हणतो. गाता येत असूनही न गाण्याचा तो संयम सहजासहजी अंगी येत नाही.

कुरोसावांच्या तीस चित्रपटांपैकी एकवीसमध्ये शिमुरा आहेत. कुरोसावांचे दुसरे आवडते नट तोशिरो मिफुने सोळांमध्ये. तरीही या जोडीत झोत मिफुनेंवर राहिला, आणि तो तसा राहावा याची तजवीज बऱ्याच अंशी शिमुरांनीच केलेली दिसते. 'स्ट्रे डॉग' (१९४९) मध्ये पिस्तूल हरवलेला तरुण पोलीस मिफुने आहेत आणि त्यांना सांभाळून घेणारे वडीलधारे सातो म्हणजे शिमुरा. बेकायदा शस्त्रांच्या धंद्यातील एका मुलीच्या चौकशीचा प्रसंग पाहावा. कडक उन्हाळा आहे, सातो तिच्याबरोबर बर्फाची कांडी खात बसले आहेत, तिला सिगारेट देत आहेत, आवाज कोठेही चढत नाही. गप्पांच्या ओघात ती बोलून जाते. शेजारी मिफुनेंची चाललेली तगमग आपल्याला तीव्र वाटते, ती या संथपणामुळेच.

'सेव्हन सामुराई' मधील सामुराईंचा म्होरक्या कांबेई, म्हणजे शिमुरांची भूमिका, याचेही तसेच आहे. ओलीस धरलेल्या मुलाला सोडवण्यासाठी तो भिक्षूचे सोंग घेतो आणि त्यासाठी शेंडी उतरवून डोके तासून घेतो. पुढे अख्ख्या चित्रपटात विचारात पडला की, अवघडला की, हसला की, त्याचा हात त्या तुळतुळीत डोक्यावरून फिरत राहतो. सेनापतीचा सगळा अधिकार त्या एका सवयीत आला आहे. तो चित्रपट एप्रिल १९५४ चा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये 'गोजिरा' (गॉडझिला) हा महाकाय प्राण्याचा चित्रपट आला, ज्यात ते प्राध्यापक यामाने आहेत. सगळे शहर त्या प्राण्याला मारण्याच्या गोष्टी करत असताना हा जीवाश्मशास्त्रज्ञ घरी येऊन अंधाऱ्या खोलीत दिवा न लावता बसून राहतो. राक्षसपट म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तेवढा प्रसंग तरी पाहावा.

'इकिरू' (१९५२) ही खरी मध्यवर्ती भूमिका. पण तिची रचना विलक्षण आहे: सुमारे दोन तृतीयांश चित्रपट झाल्यावर नायक मरतो, आणि उरलेला भाग त्याच्या तसबिरीसमोर मद्य पीत बसलेले कचेरीतील सहकारी त्याच्याविषयी वाद घालण्यात घालवतात. नायकपद मिळाले तरी शेवटचा शब्द इतरांचा, हे शिमुरांच्या प्रकृतीला साजेसेच होते. भूमिका साकारली तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्कारासाठी 'सेव्हन सामुराई' आणि 'इकिरू' या दोन्ही भूमिकांकरिता त्यांचे नामांकन झाले होते.

पाहण्याचा क्रम विचारलात, तर 'ओशिदोरी उतागास्सेन', मग 'स्ट्रे डॉग', मग 'स्कँडल' (१९५०), ज्यात ते लाच खाणारे, पिणारे आणि त्याची लाज वाटणारे वकील आहेत, असा घ्यावा. त्यानंतर योजी यामादा यांच्या 'ओतोको वा त्सुराई यो' मालिकेचा १९७१ चा आठवा भाग पाहावा. त्यात शिमुरांनी साकारलेले म्हातारे प्राध्यापक मालिकेचा भटका नायक तोरा याला एका संध्याकाळची आठवण सांगतात: परक्या मुलखात दिसलेले शेतकऱ्याचे घर, अंगणातली फुले, उजेडात जेवायला बसलेले कुटुंब. प्रसंगात घडत काहीच नाही. एक वृद्ध माणूस बोलतो आणि दुसरा ऐकतो.

१९६५ च्या 'रेड बिअर्ड' नंतर कुरोसावांच्या चित्रपटात ते थेट १९८० च्या 'कागेमुशा' मध्ये दिसले. ११ फेब्रुवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. एक खबरदारी मात्र घ्यावी: 'कागेमुशा' ची परदेशांत दाखवलेली प्रत कापलेली होती आणि शिमुरांचा प्रसंग त्या कात्रीत गेला, म्हणून १८० मिनिटांची जपानी प्रतच मिळवावी.