क्राफ्ट बिअरची मोठी बाटली सिक्स पॅकपेक्षा महाग का पडते?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या दुकानात क्राफ्ट बिअरची, म्हणजे छोट्या ब्रुअरीत (बिअरच्या कारखान्यात) बनवलेल्या बिअरची, २२ औंसाची एक मोठी बाटली घेतली (एक औंस म्हणजे साधारण ३० मिली) तर औंसामागचा भाव त्याच ब्रुअरीच्या सिक्स पॅकच्या दुप्पट कसा, आपल्याकडे तर मोठं पाकीट घेतलं की स्वस्त पडतं हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. मी ओरेगनमध्ये राहतो, इथल्या एका छोट्या ब्रुअरीत दोन वर्षं जवळपास दर शनिवारी बॉटलिंगला मदत करायला जायचो, म्हणून जे स्वतःच्या हाताने केलंय तेच सांगतो.

आधी हिशेब बघू, कारण तुमचं गणित बरोबर आहे. सिक्स पॅक म्हणजे १२ औंसाच्या सहा बाटल्या, एकूण ७२ औंस, समजा ११ डॉलरला मिळाला, तर औंसाला साधारण १५ सेंट पडतात. तीच बिअर मोठ्या बाटलीत, ज्याला इथे बॉम्बर म्हणतात, ७ डॉलरला असेल तर औंसाला जवळपास ३२ सेंट. बरेच जण म्हणतात की टॅक्समुळे असेल, पण ते तसं नाहीये. इथला केंद्राचा टॅक्स बॅरलवर लागतो, ३१ गॅलनचा एक बॅरल, आणि छोट्या ब्रुअरीला पहिल्या ६०,००० बॅरलला बॅरलमागे साडेतीन डॉलर. म्हणजे १२ औंसाच्या बाटलीला एक सेंट आणि बॉम्बरला दोन सेंट, बाटली मोठी म्हणून वेगळा दर वगैरे काही नाही.

खरा खर्च भरण्यात आहे. १२ औंसाची लांब मानेची बाटली काचेचे कारखाने कोट्यवधींनी काढतात, मोठ्या ब्रुअरीच्या लाईनी त्याच मापाला लावलेल्या असतात आणि मिनिटाला शेकडो बाटल्या भरून, झाकण लावून पुढे जातात. आमच्याकडे बॉम्बरसाठी चार नळ्यांचं हाताने चालवायचं मशीन होतं. बाटली विसळायची, नळीखाली धरायची, आधी आत सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडून हवा बाहेर काढायची, मग तळापासून बिअर भरत वर यायची, आणि फेस तोंडाशी आला की त्या फेसावरच झाकण ठेवून दाबायचं, कारण फेस असला की वर हवा उरत नाही. हे नीट झालं नाही तर थोड्याच आठवड्यांत त्या बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, आणि एवढं चांगलं काम केलेलं सगळं वाया. टाकीतली बिअर जरा गरम झाली की नुसता फेसच यायचा, बाटल्या अर्ध्या राहायच्या, त्या बाजूला काढायच्या, त्या विकता येत नाहीत. मग पुसायचं आणि लेबल हाताने चिकटवायचं. आम्ही चौघं मिळून तासाला फार तर दोनशे बाटल्या करायचो, दुपारपर्यंत बोटं बधिर व्हायची.

आणि एवढं करून बॉम्बरच्या खोक्यात बाटल्या १२ च बसतात, म्हणजे २६४ औंस, तर छोट्या २४ बाटल्यांच्या खोक्यात २८८. म्हणजे खोक्यात बिअरही कमीच.

शिवाय बहुतेक राज्यांत १९३३ साली दारूबंदी उठल्यापासून ब्रुअरी, डिस्ट्रिब्युटर आणि दुकान अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था आहे, प्रत्येक जण टक्केवारीने आपला वाटा वर चढवतो, त्यामुळे ब्रुअरीत बाटलीमागे ५० सेंट जास्त लागले की शेल्फवर येईपर्यंत त्याचा जवळपास डॉलर होतो.

आता दुसरी गोष्ट, ती म्हणजे बॉम्बरमध्ये आणि कॉर्क लावलेल्या ७५० मिलीच्या बाटलीत बऱ्याचदा बिअरच वेगळी असायची. बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, पिंपात मुरवलेली स्टाउट (काळी, दाट बिअर) घ्या. बर्बनला कायद्याने नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं, त्यामुळे डिस्टिलरी ते एकदा वापरून विकून टाकते आणि ब्रुअरीवाले घेतात, साधारण ५३ गॅलनचं, म्हणजे २०० लिटरचं. त्यात स्टाउट कित्येक महिने, कधी वर्षभर पडून राहते, काही लाकूड पितं, काही उडून जातं, आणि एखाद्या पिंपातली बिअर आंबट होऊन बिघडते, ती अख्खी गटारात ओतावी लागते. मी ते एकदा बघितलंय, बनवणारा माणूस नळी हातात धरून गप्प उभा होता, कोणी काही बोललं नाही. वर अशा तगड्या बिअरला माल्टही (मोड आणून वाळवलेलं धान्य) खूप जास्त लागतं. ७५० मिलीच्या बाटलीत तर बिअर बाटलीतच पुन्हा आंबवतात, दाब वाढतो म्हणून काच जाड घ्यावी लागते, कॉर्क, त्यावर तारेची जाळी, मग ती खोकी आठवडेच्या आठवडे उबदार खोलीत अडकून पडतात. अशा बिअरची तुलना पाच टक्के अल्कोहोलच्या पेल एलच्या, म्हणजे साध्या बिअरच्या, सिक्स पॅकशी केली तर ती बरोबर होणार नाही.

पण तीच रोजची आयपीए (हॉप्सची कडवट बिअर) दोन्ही मापांत असेल तर मात्र सगळाच फरक खर्चाचा नसतो, हे मी स्पष्ट सांगतो. दुकानात माणूस औंसाचा भाव बघत नाही, खिशातून आत्ता किती जाणार ते बघतो, ११ डॉलर की ७ डॉलर. नवी बिअर चाखून बघायची आहे किंवा कोणाकडे जेवायला जाताना एक बाटली न्यायची आहे, तर ७ जड वाटत नाहीत, आणि हे ब्रुअरीलाही माहीत असतं. ज्या ब्रुअरीने याचा फायदा घेऊन साधी बिअर नुसती मोठ्या बाटलीत घातली तिच्यावर माझा राग आहे, कारण त्याने हाताने भरणाऱ्यांचंही नाव खराब झालं.

माप मोठं आहे म्हणून महाग असं मुळीच नाही, हे आपल्याला महाराष्ट्रातच दिसतं. २२ औंस म्हणजे बरोबर आपली ६५० मिलीची बाटली! तिकडे तेच रोजचं माप आहे, मशिनं त्याच मापाची, रिकामी बाटली भंगारवाल्याकडून फिरून परत कारखान्यात जाते आणि पुन्हा भरली जाते, म्हणून आपल्याकडे बाटली स्वस्त आणि पाइंट महाग पडतो. इथे ते माप सवयीबाहेरचं आहे, एवढंच.

आता तर बॉम्बर फार कमी दिसतात. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात १६ औंसाच्या चार कॅनचे पॅक आले, कॅन भरायचं मशीन ट्रकवर घालून दारात आणणारे लोक आले, आणि छोट्या ब्रुअरींना हाताने बाटल्या भरायची गरजच उरली नाही.

तुम्ही एवढं करा. तीच बिअर सिक्स पॅकमध्ये असेल तर तोच घ्या. फक्त चाखायची असेल तर बऱ्याच दुकानांत सुट्या बाटल्या निवडून स्वतःचा सिक्स पॅक करू देतात, तो करा. पिंपात मुरवलेली घेणार असाल तर चार जणांत एक पुरते, मग तो भाव टोचत नाही. आणि आयपीएचा बॉम्बर उचलण्याआधी बाटलीवर भरल्याची तारीख शोधा, तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर कितीही स्वस्त असली तरी ठेवून द्या.