थेट प्रेक्षकांपर्यंत : निन्टेन्डो डायरेक्टकडून काय शिकायचं

प्रिय मित्रा,

पहिल्या गेमची घोषणा व्हिडिओतून करायचं ठरवलंयस, तर निन्टेन्डो डायरेक्टचे, म्हणजे निन्टेन्डो ही जपानी गेम कंपनी आपल्या घोषणा ज्या रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंतून थेट लोकांपुढे ठेवते त्यांचे, जुने भाग तारखेच्या क्रमाने बघून काढ. ट्रेलरसाठी नको बघूस. काय सांगितलं, काय सांगायचं टाळलं आणि नेमकं कधी सांगितलं, हे वहीत टिपत जा.

पहिला भाग 21 ऑक्टोबर 2011चा. ते वर्ष कंपनीला जड गेलं होतं. फेब्रुवारीत जपानात 25,000 येनला आलेला थ्रीडीएस हा हातात धरून खेळायचा कन्सोल ऑगस्टमध्ये 15,000 येनवर उतरवावा लागला. जूनच्या ई3 या अमेरिकेतल्या गेम प्रदर्शनात वी यू हा नवा कन्सोल दाखवला, तर हे नवं यंत्र की जुन्या वी कन्सोलचा नुसता कंट्रोलर, हेच अनेकांना उमगलं नाही. अशा वेळी अध्यक्ष सातोरु इवाता स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. दोन्ही तळहात छातीपाशी धरून ते समोरच्या माणसाकडे न्यायचे : 'थेट तुमच्यापर्यंत'. इंग्रजी आवृत्तीतही तेच बोलायचे. हा हावभाव मला फार मोलाचा वाटतो, कारण बोलणारा माणूस जबाबदार पदावरचा होता. तुमच्याकडेही बाहेरचा निवेदक आणू नका, गेम बनवणाऱ्यालाच उभं करा.

2013च्या ई3मध्ये निन्टेन्डोने नेहमीची भव्य परिषद घेतली नाही, 11 जूनला डायरेक्ट दाखवला. रेकॉर्डिंगमध्ये डेमो मंचावर अडकत नाही, वाक्य चुकलं तर पुन्हा घेता येतं. पण मग 'घाईत बोललो' ही सबबही उरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ई3 2017मध्ये 'मेट्रॉइड प्राइम 4' या निन्टेन्डोच्या गेमचा फक्त लोगो दाखवला गेला. 25 जानेवारी 2019ला निन्टेन्डोचे वरिष्ठ अधिकारी शिन्या ताकाहाशींनी व्हिडिओतून सांगितलं की काम अपेक्षित दर्जाचं होत नाहीये, रेट्रो स्टुडिओज या गेम बनवणाऱ्या स्टुडिओबरोबर ते नव्याने सुरू करतोय. गेम आला 4 डिसेंबर 2025ला, लोगोनंतर साडेआठ वर्षांनी. तो माफीचा व्हिडिओ जरूर बघ, आडपडदा न ठेवता कसं बोलावं ते कळेल. पण ती वेळच नको असेल, तर किमान एक लेव्हल सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येईपर्यंत नावही उच्चारू नकोस.

अपेक्षा आधीच आवरायच्या असतात. 7 मे 2024ला अध्यक्ष शुन्तारो फुरुकावांनी जूनचा डायरेक्ट जाहीर करतानाच सांगून टाकलं की त्यात स्विच या त्यांच्या कन्सोलनंतरच्या यंत्राचा उल्लेख नसेल. उलट 2 एप्रिल 2025च्या स्विच 2च्या डायरेक्टमध्ये किंमत बोललीच गेली नाही. 449.99 डॉलर हा आकडा लोकांना बाहेरून कळला आणि पुढच्या थेट प्रक्षेपणाच्या चॅटमध्ये 'किंमत उतरवा' याचाच पूर आला. किंमत ठरली असेल तर ती स्वतःच्या तोंडाने सांग, ठरली नसेल तर तसं सांग.

तुमच्या कामाचं बोलू. व्हिडिओच्या आगाऊ सूचनेत लांबी, विषय आणि काय नसेल, हे तिन्ही लिहा. वेळेपुढे टाइमझोन हवाच : अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सकाळचे 7 म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे 7:30, हिवाळ्यात रात्रीचे 8:30. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातलं तुमच्या गेमचं पान तपासणीत काही दिवस अडकतं, तेव्हा ते आधीच मंजूर करून ठेवा, पण व्हिडिओत नाव येईपर्यंत प्रसिद्ध करू नका. बातमी अनेकदा अशा पानांवरून फुटते. पाऊस, गवत, धूर असलेले शॉट यूट्यूबवर 1080पीत चिखल होतात, म्हणून फाइल 1440पी या वरच्या रिझोल्यूशनमध्ये चढवा. आवाज −14 एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास ठेवा, त्याहून मोठा असेल तर यूट्यूब तो खाली आणतं. मराठी, हिंदी, इंग्रजी सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये द्या, चित्रावर छापू नका, म्हणजे तारीख बदलली तर एक ओळ दुरुस्त करून भागतं.

स्क्रिप्टचा पहिला खर्डा झाला की पाठव. प्रत्येक तारखेपुढे ती कुणी पक्की केली, त्याचं नाव लिहून.

तुझा,
एक हितचिंतक