गालिच्यावरचा डाग आणि अडकलेली अनामत

प्रश्न : माझी बदली सोलापूरहून नांदेडला झाली आहे. जुळे सोलापुरातील सदनिकेत आम्ही ३३ महिने राहिलो. ११ महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार होता आणि त्याचे दोनदा नूतनीकरण झाले. मुदत या महिनाअखेर संपते. भाडे दरमहा १३,००० रुपये, अनामत ५०,००० रुपये. घरमालकांनी दिवाणखान्यात आणि झोपण्याच्या खोलीत गालिचे अंथरून दिले होते, आणि ते तेव्हाही जुनेच होते. करारात असे कलम आहे : ‘घर सोडताना गालिचे व्यावसायिक पद्धतीने धुऊन द्यावेत, तसे न केल्यास अथवा गालिचे खराब आढळल्यास रु. २०,००० अनामतीतून कापले जातील.’ मी २,२०० रुपये देऊन दोन्ही गालिचे धुऊन घेतले. मालक पुण्यात असतात. त्यांच्या मेहुण्यांनी येऊन बाल्कनीच्या दाराजवळचा विटलेला पट्टा आणि टीपॉयखालचा चहाचा डाग दाखवला व २०,००० रुपये कापणार असे सांगितले. हे पैसे द्यावे लागतील का? अनामत हातात पडेपर्यंत किल्ली अडवून ठेवावी का? शेवटच्या महिन्याचे भाडे न देता ते अनामतीतून वळते करावे का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर पहिल्या प्रश्नात आपली असलेली भक्कम बाजू वाया जाईल. किल्ली अडवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार निवासासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतात आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. आपल्या बाबतीत ती महिन्याला २६,००० रुपये होते, म्हणजे वीस हजारांच्या वादासाठी सव्वीस हजारांचे देणे अंगावर घेण्यासारखे आहे. अनामत परत मिळेपर्यंत शुल्क न देता राहण्याची मुभा काही करारांत स्पष्ट शब्दांत लिहिलेली असते. तसे कलम आपल्या करारात असेल तरच हा नियम बदलेल, म्हणून करार एकदा शेवटपर्यंत वाचून पाहा. शेवटच्या महिन्याचे भाडेही नेहमीप्रमाणे बँकेतूनच भरा. अनामत ही सुरक्षेची रक्कम आहे, आगाऊ भाडे नव्हे, आणि करारात तशी तरतूद नसताना ती भाड्यात वळती केली, तर आजवर एकही हप्ता न चुकवलेला माणूस थकबाकीदार म्हणून उभा राहतो.

आता गालिच्यांकडे येतो. आपल्या कलमाचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे वाचले पाहिजेत. पहिला भाग धुलाईचा. ही अट वैध आहे, आपल्यावर बंधनकारक आहे आणि आपण ती पाळली आहे. कलमात ‘व्यावसायिक पद्धतीने’ एवढेच म्हटले आहे. अमुक दुकानातून किंवा मालक सांगतील त्याच माणसाकडून, असे म्हटलेले नाही. मात्र आपली पावती काढून नीट पाहा. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत पुष्कळदा ‘सफाई – २,२००’ एवढाच मजकूर असलेला चिटोरा निघतो, आणि समोरचा पक्ष सहज म्हणतो की ही स्नानगृहाच्या सफाईची पावती आहे. धुलाईवाल्याकडून त्याच्या छापील पावतीवर तारीख, सदनिकेचा पत्ता, गालिचे किती व किती फुटांचे आणि कोणत्या पद्धतीने धुतले, हे लिहून सही घ्या. सोलापुरात काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे धुलाई शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते आणि दमट गालिचा तसाच गुंडाळून कोपऱ्यात उभा केला जातो. आपला गालिचा पूर्ण वाळला आहे ना, हे त्याची मागची बाजू हाताने चाचपून पाहा. तिथे ओल राहिली तर चार दिवसांत कुबट वास येतो आणि ती तक्रार मात्र खरी ठरते.

दुसरा भाग ‘खराब आढळल्यास’ हा. मेहुण्यांनी दाखवलेल्या दोन गोष्टी दिसायला शेजारी असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांची जात वेगळी आहे. बाल्कनीच्या दारातून रोज दुपारी ऊन जिथवर आत येते, तिथवरच रंग विटला असेल आणि त्या पट्ट्याची कड दाराच्या चौकटीशी समांतर सरळ रेषेत दिसत असेल, तर ते उन्हाचे काम आहे, आपल्या निष्काळजीपणाचे नव्हे. रोजच्या वापराने व काळाच्या ओघात वस्तू जेवढी झिजायची तेवढी झिजणारच, आणि तिचा भार जागा वापरणाऱ्यावर टाकता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८(एम) भाडेकरूला जागा घेतली त्या स्थितीत परत करायला सांगते, पण वाजवी झीज व रोखता न येणाऱ्या शक्तीमुळे झालेला बदल त्यातून स्पष्टपणे वगळते. हे कलम भाडेपट्ट्यासाठी आहे आणि आपला करार भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मधील लायसन्सचा, म्हणजे केवळ जागा वापरण्याच्या परवानगीचा आहे, असा आक्षेप मालकांचे वकील घेतील. तो तांत्रिकदृष्ट्या बरोबरही आहे. तरीही ‘खराब’ या शब्दाचा अर्थ लावताना वाजवी झीज बाजूला काढावीच लागेल, कारण ३३ महिने माणसे वावरलेल्या घरातला गालिचा नव्यासारखा राहील असे करार करताना कोणत्याही पक्षाच्या मनात असू शकत नाही.

चहाच्या डागाबद्दल मात्र मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. सांडलेला चहा ही झीज नव्हे. त्याची जबाबदारी आपली आहे आणि ती लेखी मान्य केल्याने आपली बाजू दुबळी न होता अधिक विश्वासार्ह होते. प्रश्न एवढाच उरतो की त्या जबाबदारीची किंमत किती.

इथे भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७४ आपल्या मदतीला येते, आणि या सगळ्या वादाचा निकाल बहुतांशी त्यावरच अवलंबून आहे. करारभंगाबद्दल द्यावयाची रक्कम करारातच ठरवून ठेवली असली, तरी ती आपोआप देय होत नाही. ती कमाल मर्यादा ठरते आणि त्या मर्यादेत ‘वाजवी भरपाई’ तेवढी मिळते. रक्कम आधीच समोरच्याच्या हातात असली व ती फक्त जप्त करायची असली, तरी हेच तत्त्व लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निकालात सांगितले. पुढे २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात आणखी स्पष्ट झाले की, नुकसान मुळात झालेले असले पाहिजे आणि ते सिद्ध करणे शक्य असेल तिथे ते सिद्ध करावेच लागते. गालिच्याचे नुकसान पैशात मोजणे काही अवघड नाही. त्यामुळे ‘करारात वीस हजार लिहिले आहे’ एवढे म्हणून मालकांना थांबता येणार नाही. गालिचा कधी व कितीला घेतला याचे बिल त्यांना दाखवावे लागेल, आणि डाग काढण्याचा किंवा दुरुस्तीचा खर्चही सांगावा लागेल, कारण कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान मोजताना ते दूर करण्याचे उपलब्ध साधनही विचारात घ्यायचे असते.

एक उदाहरण देतो. समजा, दिवाणखान्याचा गालिचा १८,००० रुपयांना घेतला होता, त्याचे उपयोगी आयुष्य साधारण १० वर्षे धरले आणि आज त्याला ८ वर्षे झाली. मग तो पूर्ण निकामी झाला असे मानले, तरी त्याचे उरलेले मोल ३,६०० रुपयांच्या आसपास येते. एका वीतभर डागाची भरपाई त्याहून कमीच असणार. जुन्या गालिच्याच्या बदल्यात नव्याचे पैसे घेणे म्हणजे मालकांना नुकसान भरून मिळणे नव्हे, तर नफा होणे आहे. शिवाय झोपण्याच्या खोलीतल्या गालिच्याबद्दल त्यांची तक्रारच नाही, तरी वीस हजारांची रक्कम दोन्हींसाठी मिळून लिहिलेली आहे, हेही आवर्जून मांडा. डाग आपण स्वतः साबण लावून घासू नका; चहाचा डाग चुकीच्या साबणाने अधिक पक्का होतो आणि घासल्याने लव पिंजली गेली, तर ते नवे नुकसान ठरते. ज्याने गालिचे धुतले त्यालाच बोलावून तो डाग निघेल का व किती खर्च येईल, हे कागदावर घ्या. तो निघाला तर वाद तिथेच मिटतो, नाही तर निदान एक आकडा हाती येतो.

आपली खरी कमकुवत जागा करारातच असण्याची शक्यता आहे. ‘सर्व सामान उत्तम स्थितीत मिळाले’ असे छापील वाक्य बहुतेक करारांत असते, आणि कलम २४ खालील कार्यवाहीत लेखी लायसन्स करार हा त्यात नमूद केलेल्या वस्तुस्थितीचा निर्णायक पुरावा मानला जातो. किल्ली न अडवण्याचे हे दुसरे कारण. सामानाच्या यादीत गालिच्यांपुढे ‘जुने’ किंवा ‘वापरलेले’ असा शब्द आहे का, ते पाहा. नसेल तर राहायला आला त्या आठवड्यातले घरगुती फोटो शोधा. मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोत पायाखालचा गालिचा दिसतो, आणि तोच उपयोगी पडतो. तिसऱ्या, म्हणजे चालू करारात अनामत ‘यापूर्वीच मिळाली’ असा उल्लेख आहे याचीही खात्री करून घ्या. फोटो व व्हॉट्सअॅपवरील संदेश मूळ फोनमध्येच जपून ठेवा, कारण न्यायालयात ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.

ताबा देण्याच्या दिवशी मेहुण्यांसमोर दिवसाउजेडी दोन्ही गालिच्यांचे फोटो घ्या, डागाशेजारी मोजपट्टी ठेवून एक जवळून घ्या, आणि दोन प्रतींत ताबा पावती करा. तिच्यात किल्ल्यांची संख्या, वीज मीटरचे वाचन आणि हे वाक्य असावे : ‘दोन्ही गालिचे धुऊन परत दिले असून दिवाणखान्यातील गालिच्यावर अंदाजे इतक्या इंचांचा चहाचा डाग आहे, त्याच्या भरपाईची रक्कम उभयपक्षी ठरलेली नाही.’ मेहुण्यांना ताबा घेण्याचा अधिकार दिल्याचा मालकांचा संदेश आधी मागवून घ्या. त्यांनी पावतीवर सही नाकारली, तर किल्ली हातात ठेवून परत येऊ नका. मुदत संपण्यापूर्वीच किल्ली देऊ केल्याचा संदेश मालकांना त्याच वेळी पाठवा आणि तीच माहिती स्पीड पोस्टाने पोहोच पावतीसह पुण्याला कळवा.

अनामत तरीही कापली गेली, तर १५ दिवसांची मुदत देऊन वकिलामार्फत नोटीस पाठवा आणि तीत व्याजाची मागणी स्पष्ट लिहा. व्याज अधिनियम, १९७८ खाली अशा लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज मागता येते. त्यानंतर दाव्याआधी सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज करा, असे मी सुचवेन. प्राधिकरण भरवते त्या लोकअदालतीत तडजोड झाली की तिच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील होत नाही. तडजोड झालीच नाही, तर तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा करता येतो. मिळकत आणि व्यवहार दोन्ही इथले असल्याने मालक पुण्यात असले तरी तो सोलापुरात चालेल. परंतु नांदेडहून तारखांना येण्याचा खर्च आणि रजा हिशेबात धरा. मालक डागापोटी दोन-तीन हजार कापून बाकी रक्कम देण्यास तयार झाले, तर ते स्वीकारावे असे माझे स्पष्ट मत आहे. पोलिसांत तक्रार करण्याच्या फंदात पडू नका, हा निव्वळ दिवाणी वाद आहे.

तडजोड झाल्यास कापलेली रक्कम कशापोटी हे लिहून घ्या, उरलेली रक्कम बँक खात्यातच घ्या, आणि ती जमा झाल्यावरच ‘आता उभयतांचे एकमेकांकडे काही येणे-देणे नाही’ अशा कागदावर सही करा. रक्कम नंतर पाठवतो असे सांगून तो कागद किल्लीबरोबर आधीच मागितला जाईल. तेव्हा किल्ली द्या, कागद देऊ नका.