वाचकांचे प्रश्न : माळावर झाडे लावायची की गवत राखायचे?

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा बारामती तालुक्याच्या जिरायती भागात आहे. दर पावसाळ्यात शाळेमागच्या माळावर आम्ही मुलांकडून रोपे लावून घेतो आणि उन्हाळ्यापर्यंत त्यांतली बहुतेक जळून जातात. यंदा सातवीच्या वर्गाला इथल्याच वनस्पती आणि प्राणी यांची ओळख करून द्यावी व माळाची निगा त्यांच्याच हातून राखावी, असा विचार आहे. कोणती झाडे लावावीत?
– एक शिक्षिका

उत्तर : झाडांची यादी देण्यापूर्वी एक विनंती करतो. यंदा त्या माळावर एकही खड्डा खणू नका. कमी पाऊस, मुरमाड जमिनीवरचा मातीचा पातळ थर आणि पिढ्यान्‌पिढ्यांची चराई यांतून टिकून राहिलेली ही गवताळ परिसंस्था आहे. सरकारी दप्तरात तिला ‘पडीक’ म्हटले जाते, हे तिचे दुर्दैव. तुमच्याच तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे आहे आणि तेही माळरानच आहे. सरसकट लावली जाणारी गिरिपुष्प व सुबाभूळ ही झाडे मूळची मध्य अमेरिकेकडची. ती दाट वाढली, तर त्यांच्या सावलीत माळाचे गवत मागे हटते. त्यामुळे रोपे जळाल्याचे फार दुःख करू नये, असे मी थोडे धाडसाने म्हणेन.

पहिले वर्ष पाहण्यात घालवा. सुतळी आणि चार खुंट्या घेऊन माळावर निरनिराळ्या ठिकाणी एक मीटर लांबी-रुंदीचे चौकोन आखावेत, त्यांतील प्रत्येक जातीची रोपे मोजावीत आणि त्याच चौकोनांची नोंद भाद्रपदात, मार्गशीर्षात व वैशाखात पुन्हा घ्यावी. गवतांची नावे सांगायला गावातल्या एखाद्या धनगर मेंढपाळाला सन्मानाने वर्गात बोलवा. पवना, मारवेल आणि कुसळ यांतला फरक ते काडी हातात घेताच सांगतील. चराई अति झाली की मेंढ्यांना आवडणारे पवना आणि मारवेल मागे पडतात व कुसळ पुढे सरते, त्यामुळे कोणत्या चौकोनात काय अधिक आहे यावरून माळाची प्रकृती मुलांना स्वतःच ताडता येईल. कुसळाचे पिकलेले बी पाण्याच्या थेंबासह तळहातावर ठेवून पाहा. त्याची पिळदार शेपटी ओल लागताच उलगडत गोल फिरू लागते, आणि पावसाच्या सरीनंतर बी स्वतःला मातीत रोवून घेते ते याच युक्तीने. तेच टोक मेंढीच्या कातडीतही घुसते, हे मेंढपाळ न विचारता सांगेलच.

प्राण्यांच्या नोंदी दुरूनच घ्याव्यात. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्येच अंडी घालते. ती खड्यांच्याच रंगाची असल्याने पायाखाली सहज येतात, म्हणून पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागला की मुलांनी आल्या वाटेने मागे फिरावे. पशुपक्षी, सरडे किंवा अंडी वर्गात आणू नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ शाळांनाही लागू आहे.

पुनरुज्जीवनाचे काम दुसऱ्या वर्षी. गायरान असेल तर ग्रामसभेची आणि वनजमीन असेल तर वनविभागाची परवानगी आधी घ्यावी. एखादा लहान तुकडा बोरीच्या काटेरी फांद्यांनी वेढून, बी पिकून झडेपर्यंत तिथली चराई थांबवावी. उरलेला माळ जनावरांना मोकळाच ठेवावा, नाहीतर गाव तुमच्या विरोधात जाईल आणि त्यात गावाची चूक नसेल. पवना आणि मारवेल यांचे बी पावसाळा सरताना व हिवाळ्याच्या सुरुवातीला गोळा करून कोरड्या कापडी पिशवीत ठेवावे. ताजे बी बहुधा लगेच रुजत नाही, त्याला काही महिन्यांची विश्रांती लागते. म्हणून ते पुढच्या मृगापूर्वी फेकावे. गाजरगवत फुलण्याआधी उपटणे उत्तम, पण त्याने त्वचेला खाज सुटते आणि दम्याचा त्रास वाढतो, तेव्हा ते काम हातमोजे घातलेल्या मोठ्यांनीच करावे. झाडे लावायचीच झाली, तर ओघळीच्या काठाने बोर, हिवर, नेपती, मेडशिंग अशी मोजकीच लावा. बियांचे गोळे माळावर भिरकावण्याची सध्याची हौस मात्र टाळा; छायाचित्र सुरेख येते, पण कोणते बी कुठे पडले याचा हिशेब कुणाकडेच राहत नाही.

जैविक विविधता कायदा २००२ नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे हे तिचे काम असते. मुलांच्या वह्यांची प्रत त्या समितीकडे सोपवावी.

प्रश्न : ठाण्यातील आमच्या शाळेला मैदान नाही, फक्त गच्ची आहे. तिथे काय करता येईल?
– एक शिक्षक

उत्तर : मोठ्या कुंड्यांत कढीपत्ता आणि लिंबू लावा. लिंबाळी फुलपाखराची मादी त्यांच्या कोवळ्या पालवीवर एकेक अंडे घालते. लहानपणी तिची अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाल्यावर हिरवीगार होते, हा बदल मुलांना रोज भिंगातून पाहता येईल. रुईवर बिबळ्या कडवा हे फुलपाखरू येते, परंतु तिचा चीक डोळ्यांना घातक असल्याने ती कुंडी मुलांच्या हाताला येणार नाही अशी ठेवावी. रोपवाटिकेत शोभेची म्हणून विकली जाणारी घाणेरी आणू नका. आणि पाने कुरतडलेली दिसताच माळीदादा फवारणी करतील, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवा.