बारा हजारांचे इअरबड्स की चोवीसशेचे वायरवाले?

खानापूरहून रोज बसने उद्यमबागला कामाला जाणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. पगार २१,००० रुपये. बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानात १२,००० चे वायरलेस इअरबड्स २,४०० च्या वायरवाल्या इअरफोनपेक्षा 'स्पष्ट सरस' वाटले. १२ महिन्यांच्या 'नो कॉस्ट' हप्त्यावर घेऊ का?

हप्त्यावर नको. आणि 'सरस' हा निकालही तूर्त कच्चाच धरा.

दुकानात दोन्हींचा आवाज सारखा लावला होता का? एक-दोन डेसिबलने जोरात वाजणारी जोडी कानाला 'जोरात' नाही, 'चांगली' वाटते. म्हणून १ किलोहर्ट्झचा टोन (एकसुरी सलग आवाज) लावा, इअरफोनचं रबरी टोक दुसऱ्या फोनच्या माइकच्या भोकावर घट्ट टेकवा आणि साउंड मीटर अ‍ॅपवर दोन्हींचा आकडा जुळवा. वायरलेसचं नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय) आणि इक्वलायझर (खर्ज-तीव्र आवाज कमीजास्त करणारी सोय) बंद ठेवा. मग एकच तुकडा वीस-वीस सेकंद आलटून पालटून ऐका. शास्त्रीय गाणं ऐकता असं लिहिलंय, तर आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं एखादं ध्वनिमुद्रण लावा. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझण, सुटी ऐकू येते का? डग्गा घुमतो, की नुसता धप्प वाजतो? डग्गा पोकळ वाटला तर इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. घुमारा परत आला तर रबर लहान पडतंय. फटीतून हवा गळली की खर्ज गेलाच.

आता हिशेब. १,००० चे १२ हप्ते, व्याजदर १५ टक्के धरला तर त्यात व्याज साधारण ९२० रुपये. ते दुकानदार सवलत म्हणून वळतं करतो, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १६५, तुमच्या माथी. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासह २३५. झाले ४०० जास्तीचे, आणि रोखीची सूट हुकली ती वेगळीच.

इअरबड्सची इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि बहुतेक जोड्यांत ती बदलून मिळत नाही. तीन वर्षं धरली तर जास्तीच्या ४०० सकट १२,४०० चे महिना साधारण ३४४ रुपये. वायरवाल्यात २,४००, डॅक (फोनचा डिजिटल सिग्नल आवाजात बदलणारी चिप) असलेला टाइप-सी डोंगल ७००, मध्येच एक नवी वायर ६००, रबरं ३००: एकूण ४,०००, महिना १११. वायर बहुधा जॅकपाशीच तुटते, म्हणून निघणारी वायर असलेलंच मॉडेल घ्या. आणि डॅक नसलेला साधा अडॅप्टर घेऊ नका, जॅक नसलेल्या बऱ्याच फोनवर तो मुकाच राहतो.

वरचे पैसे खरे जातात ते नॉइज कॅन्सलेशनला. बसच्या इंजिनाची घरघर ते छान दाबतं, शेजारच्यांच्या गप्पा मात्र तेवढ्या नाही. आवाज जुळवून ऐकल्यावरही वायरलेसच हवे वाटले, तर दरमहा १,००० बाजूला टाका आणि वर्षाने रोख घ्या. कोल्हापुरात स्वस्त मिळतील म्हणून निपाणी ओलांडून महाराष्ट्रात जायची गरज नाही, जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच. मात्र बिल देण्याआधी दुकानदाराला विचारा: सील फोडलेले इअरफोन परत घेता का, आणि वॉरंटीत बिघडले तर पार्सल कुठे पाठवायचं?