पाच जणांच्या मागे उभा राहिलेला माणूस

चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन झाल्यापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहायला बसलो. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाने तुला शिकाऊ प्रशिक्षक म्हणून घेतलं, तेही ऑफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पाच जणांच्या फळीवर. आणि तू म्हणतोस, "मामा, मला क्वार्टरबॅकबरोबर काम करायचं होतं. इथे दिवसभर व्हिडिओ कापत बसतो."

तुला त्याच लाइनचे प्रशिक्षक डान्टे स्कारनेकिया यांच्याबद्दल सांगायचं आहे. इथे बॉस्टनजवळ राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ते नाव नवं नाही, पण तुझ्या पिढीला त्यांच्या काळातला फक्त क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी आठवतो.

स्कारनेकिया मूळचे लॉस एंजलिसचे. १९७० पासून ते कॉलेजच्या संघांबरोबर काम करत गावोगाव फिरले आणि १९८२ मध्ये आमच्या इथल्या व्यावसायिक संघात, न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये आले. मधली दोन वर्षं इंडियानापोलिसला होते, ती सोडली तर पुढची कारकीर्द इथेच. पण कामं किती प्रकारची केली बघ. स्पेशल टीम्स, म्हणजे किकच्या वेळचे गट, सांभाळले, टाइट एंड, म्हणजे लाइनच्या टोकाला उभे राहून पासही झेलणारे गडी, शिकवले, काही काळ तर बचावाच्या बाजूलाही मदतनीस होते. १९९२ च्या मोसमात मुख्य प्रशिक्षक आजारी पडले तेव्हा काही आठवडे अख्खा संघ त्यांच्या अंगावर आला. त्या मोसमात पेट्रियट्सनी १६ पैकी दोनच सामने जिंकले. पुढच्या वर्षी नवे मुख्य प्रशिक्षक आले आणि स्कारनेकिया पुन्हा सहायक झाले. सर्वोच्च खुर्चीत बसून आलेल्या माणसाने खालच्या खुर्चीत परत मन लावून काम करणं मला फार मोठं वाटतं. पेट्रियट्सची ऑफेन्सिव्ह लाइन त्यांच्या हाती आली १९९९ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. तुला अजून चार महिने झाले नाहीत.

आता त्या लाइनचं. मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. नेहमीच्या मांडणीत या पाच जणांना पुढे फेकलेला पास झेलायचा हक्क नाही. त्यांच्या नावावर ना यार्ड, ना टचडाउन. स्टेडियमभर त्यांचा नंबर ऐकू येतो तो पंचाच्या माइकवरून, होल्डिंगचा, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याचा, दहा यार्डांचा दंड पुकारला जातो तेव्हा. बाकी वेळ त्यांनी काम चोख केलं तर कोणाच्या काही लक्षातच येत नाही. क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद मिळतात, आणि ते आपोआप मिळाले असं लोकांना वाटतं.

ते सेकंद कुठून येतात हे स्कारनेकियांच्या पठ्ठ्यांकडे बघून मला कळलं. पहिलं पाऊल, कमरेची पातळी, हात समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूने, आणि शेजाऱ्याशी ताळमेळ. समोरच्या दोघांनी धावता धावता जागा बदलल्या, तर आपल्या दोघांनी आपापली माणसं एकमेकांच्या हाती सोपवायची, आणि तेही क्षणात, न बोलता. एकाने जरी स्वतःच्या माणसामागे जायचा हट्ट धरला तरी मधे भगदाड पडतं.

स्टीफन नीलचं उदाहरण तर आपल्या कोल्हापूरकडच्या माणसाला लगेच पटेल. हा १९९९ चा फ्रीस्टाइल कुस्तीचा जगज्जेता. कॉलेजात फुटबॉल एक दिवस खेळला नव्हता. २००१ मध्ये पेट्रियट्सनी त्याला घेतलं. खांदा दुखावला, वर्षं गेली, आणि २००४ च्या मोसमात तो नेहमीचा गार्ड झाला. अंगात ताकद, तोल, पकड सगळं आखाड्यातून आलेलं होतं. पण त्या मल्लाला या खेळाची बाराखडी पहिल्यापासून गिरवायला लावणारा वस्ताद लागतो. हुशार, कणखर आणि पुरेसा चपळ, असा गडी स्कारनेकियांना हवा असे. त्यातला 'पुरेसा' हा शब्द तुझ्या वहीत लिहून ठेव. सगळ्यात चपळ माणूस मिळेपर्यंत ते थांबून राहिले नाहीत.

२०१३ च्या मोसमानंतर ते निवृत्त झाले. जानेवारी २०१६ मध्ये डेन्व्हरला ब्रेडीला चार वेळा सॅक केलं, म्हणजे पास फेकायच्या आत खाली पाडलं, वीसेक फटके बसले, आणि सामना २०-१८ असा गेला. मला तो टीव्हीवर बघवला नव्हता. काही आठवड्यांत स्कारनेकिया परत आले, वय अडुसष्टच्या घरात. पुढच्या फेब्रुवारीत ह्यूस्टनला संघाने २५ गुणांची पिछाडी भरून काढून सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकला.

१३ जानेवारी २०१९ ला मी स्वतः फॉक्सबरोला, पेट्रियट्सच्या मैदानावर होतो, चार्जर्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्याला. हाडं गोठवणारी थंडी. त्या दिवशी मी ठरवून चेंडूकडे बघितलंच नाही, फक्त त्या पाच जणांकडे बघत राहिलो. त्या मोसमासाठी ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेला टॅकल आधीच जायबंदी झाला होता. मैदानात होते ते ब्राउन सातव्या फेरीतला, थुनी तिसऱ्या, मेसन चौथ्या, कॅनन पाचव्या, आणि सेंटर अँड्र्यूजला तर कोणी निवडलंच नव्हतं. ब्रेडीला एकदाही खाली पाडता आलं नाही. ४१-२८. मोसमाच्या त्या तिन्ही बाद सामन्यांत मिळून एकच सॅक झाला. शेवटच्या सामन्यात समोर रॅम्सचा जबरदस्त बचावपटू आरन डोनाल्ड होता, तरीही. माझ्या आजूबाजूचे लोक ब्रेडीच्या नावाने ओरडत होते, आणि मला त्या पाच पाठमोऱ्या माणसांकडे बघून भरून आलं होतं.

२०२० च्या जानेवारीत ते कायमचे थांबले, तेव्हा नावावर पाच सुपर बोल होते.

तर व्हिडिओ कापतोस ना? कापत राहा, पण कापताना एक कर. प्रत्येक खेळी पाच वेळा बघ, दर वेळी एकच माणूस. पहिल्या फेऱ्यांत फक्त पाय बघ, हात नंतर. चूक दिसली की ती त्याची की शेजाऱ्याची, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला ती दाखवताना बाकीचे ऐकत नसतील अशा जागी दाखव, कारण माइकवरून त्याचा नंबर आधीच पुकारलेला असतो.

पुढच्या शनिवारी सामना संपला की रात्री उशीर झाला तरी फोन कर. निकाल मी बघेनच. तू मला तुमच्या डाव्या गार्डचं पहिलं पाऊल कुठे पडत होतं ते सांग.

तुझा,
मामा