रक्तातलं पॉर्फिरिन कसं मोजतात, आणि नळीला फॉइल का गुंडाळतात?

तुमचे प्रश्न दोन आहेत. मुलीच्या रक्ताची नळी लॅबवाल्यांनी फॉइलमध्ये का गुंडाळली, आणि रिपोर्टमध्ये 'एकूण प्रोटोपॉर्फिरिन वाढलेलं' आलं म्हणजे पोर्फिरिया (पॉर्फिरिनं किंवा त्यांच्या आधीची द्रव्यं शरीरात साचण्याचा आजार) झालाच का. बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

फॉइलचं आधी. पॉर्फिरिनं म्हणजे शरीरात हीम, हिमोग्लोबिनचा लोहवाला भाग, बनताना मधे तयार होणारी द्रव्यं; प्रोटोपॉर्फिरिन त्यातलंच एक. ती उजेडात टिकत नाहीत. नवशिका असताना मी अशी एक नळी खिडकीपाशी तशीच ठेवून जेवायला गेलो होतो. आल्यावर मॅडमनी सॅम्पल फेकायला लावलं. पेशंट परगावचा, त्याला पुन्हा बोलवावं लागलं. तेव्हापासून फॉइल आधी, लेबल नंतर.

उजेडाशी असलेल्या याच नात्यामुळे ती सापडतातही. ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश टाकला की पॉर्फिरिनं लाल चमकतात. पण तोच प्रकाश हिमोग्लोबिनही गिळतं. म्हणून नेहमीच्या पद्धतीत इथाइल ॲसिटेट आणि ॲसिटिक ॲसिडने पॉर्फिरिन पेशींतून बाहेर काढतात, मग ते हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये उतरवतात आणि फ्लुरोमीटरवर, म्हणजे चमक मोजणाऱ्या यंत्रावर, वाचतात.

गोम इथेच आहे. हिमोग्लोबिनमधलं हीम तयार होताना शेवटी फेरोकिलेटेज नावाचं एन्झाइम प्रोटोपॉर्फिरिनमध्ये लोह बसवतं. लोह कमी पडलं की ते त्या जागी जस्त, म्हणजे झिंक, बसवतं. शरीरात शिसं गेलं तरी झिंकवालं प्रोटोपॉर्फिरिन वाढतं. मुळात एन्झाइमच दुबळं असेल, तर प्रोटोपॉर्फिरिन धातूविनाच साचतं. तो एरिथ्रोपोएटिक प्रोटोपोर्फिरिया. आता वरच्या पद्धतीतलं ॲसिड झिंकला हुसकावून लावतं, त्यामुळे दोन्ही प्रकार एकाच आकड्यात मिसळतात. तुमच्या हातातला 'एकूण' आकडा तसाच असावा.

म्हणून लॅबला विचारा: यात झिंकवालं किती आणि मोकळं किती? त्यासाठी ॲसिडऐवजी इथेनॉलसारख्या द्रावणाने अर्क काढतात. मग एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक सुटे करणाऱ्या यंत्रावर) दोन्ही वेगळी करतात, किंवा चमक कुठे पडते ते बघतात: झिंकवालं ५९० नॅनोमीटरच्या आसपास, मोकळं ६३० च्या. बहुतेक वाढ झिंकवाल्याची असेल तर आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि रक्तातलं शिसं तपासून घ्या. माझ्या टेबलावर आलेल्या अशा रिपोर्टांत बहुतेक वेळा साधी लोहाची कमतरताच निघायची.

आणखी एक खूण घरीच बघता येते. मोकळं प्रोटोपॉर्फिरिन पेशीतून प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, झिरपतं आणि कातडीपर्यंत पोचतं. झिंकवालं पेशीतच राहतं. मुलगी उन्हात गेल्यावर काही मिनिटांत हात-तोंड जळतंय म्हणून रडते का? बऱ्याचदा फोड येतच नाहीत, म्हणून घरच्यांना ते नखरे वाटतात. असं होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना नक्की सांगा.

पोटात असह्य कळा येत असतील तर मात्र ही तपासणी कामाची नाही. तो वेगळ्या प्रकारचा पोर्फिरिया असू शकतो; तिथे दुखण्याचा झटका चालू असतानाच लघवीतलं पोर्फोबिलिनोजेन, म्हणजे पॉर्फिरिनच्या आधीचं द्रव्य, बघावं लागतं. ती बाटलीही फॉइलमध्येच.